फक्त पिनपॉइंटर घेऊन सुरुवात करावी का?

तुमचा प्रश्न मला असा समजला: छंद म्हणून धातूशोध सुरू करायचा आहे, पैसे बेताचे आहेत आणि सध्या एकच वस्तू घेता येणार आहे. मोठा डिटेक्टर धातू दाखवतो, हातातला पिनपॉइंटर, म्हणजे खणलेल्या मातीत टोचून बघायची धातू ओळखणारी छोटी कांडी, हीही धातूच दाखवते, शिवाय ती बरीच स्वस्त आणि खिशात मावणारी. मग आधी तीच घेऊन सुरुवात का करू नये? आणि त्याला जोडून दुसरी शंका: मोठ्या डिटेक्टरवर 'पिनपॉइंट' नावाचं बटण असतंच, तर पुढे कधी तो घेतला तरी वेगळ्या पिनपॉइंटरवर खर्च कशाला?

पहिल्याचं उत्तर बहुतेकांसाठी 'नको' असं आहे. दुसऱ्याचं 'गरज आहे, आणि वाटते त्याहून बरीच जास्त'. पण 'बहुतेकांसाठी' म्हटलं की अपवाद आलेच. तुम्ही त्या अपवादात बसता का, हे तुम्ही कुठे आणि काय शोधणार यावर ठरेल, म्हणून कारणांसकट लिहितो.

जमिनीतली वस्तू हातात येईपर्यंत दोन वेगवेगळे प्रश्न सोडवावे लागतात. एवढ्या जागेत खणायचं कुठे आणि तिथे खणण्याजोगं काही आहे का, हा पहिला. खणून झाल्यावर समोर जो खड्डा आणि मातीचा ढीग असतो त्यात ती वस्तू नेमकी कुठे आहे, हा दुसरा. पहिला प्रश्न डिटेक्टरचा, दुसरा पिनपॉइंटरचा. एकाकडून दुसऱ्याचं काम करून घेता येतं, पण त्याची किंमत वेळेत आणि खड्ड्याच्या आकारात मोजावी लागते.

हिशोब करून बघा. समजा दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद अशी मोकळी जागा आहे. डिटेक्टरच्या दांड्याखालची गोल चकती, म्हणजे २८ सेंटिमीटरची कॉइल, डावी-उजवीकडे झुलवत चाललात तर एका फेरीत सहज सव्वा मीटर रुंदीचा पट्टा तपासून होतो. म्हणजे आठ फेऱ्यांत जागा संपली. प्रत्येक झोका आधीच्या झोक्यावर अर्धा चढवत, अगदी सावकाश गेलात तरी एका सकाळीत हे आरामात होतं. आता पिनपॉइंटर. नाण्याएवढ्या वस्तूवर त्याची पोच पाचेक सेंटिमीटर, चांगल्या यंत्राची थोडी अधिक. पाच सेंटिमीटरचा एक पट्टा धरला तर दोनशे पट्टे होतात, प्रत्येक दहा मीटरचा. म्हणजे गुडघ्यांवर रांगत दोन किलोमीटर. आणि एवढं करून तपासला गेला तो फक्त वरचा पापुद्रा. गवत चार बोटं उंच असेल तर ती पोच गवतातच संपते, मातीपर्यंत जातच नाही.

ही पोच इतकी तोकडी का, हे कळलं की पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप कळतात. डिटेक्टरची कॉइल बदलतं चुंबकीय क्षेत्र जमिनीत पाठवते. धातूत त्यामुळे भोवरा प्रवाह (गोल फिरणारे विद्युत प्रवाह) निर्माण होतात आणि त्या प्रवाहांचं स्वतःचं क्षीण क्षेत्र परत कॉइलपर्यंत येतं. कॉइलच्या आकाराच्या मानाने अंतर वाढलं की क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात ओसरतं. जातानाही ओसरतं आणि परत येतानाही. त्यामुळे अंतर दुप्पट झालं की परत येणारा सिग्नल सुमारे चौसष्टपट क्षीण होतो. मोठ्या कॉइलला ही उतरंड बऱ्याच खोलीनंतर लागते. चांगल्या जमिनीत नाण्यासाठी साधारण कॉइलच्या व्यासाएवढी किंवा थोडी कमी खोली मिळते, असा एक ढोबळ अंदाज सगळेच वापरतात. पिनपॉइंटरच्या टोकात मात्र फेराइटच्या कांडीवर गुंडाळलेली बोटभर कॉइल असते. तिची उतरंड दोन-तीन सेंटिमीटरांतच सुरू होते.

खड्ड्यात हीच गोष्ट आपल्याला हवी असते. जवळचंच दिसतं, लांबचं दिसत नाही, म्हणून टोक जिथे वाजलं तिथेच वस्तू असते. उद्या कोणी वीस सेंटिमीटर पोचणारा पिनपॉइंटर विकायला आणला तर मी घेणार नाही. तो खड्ड्यात शिरताच चहूबाजूंनी वाजेल आणि त्या वाजण्यातून काहीच कळणार नाही.

पोचेइतकाच दुसरा मोठा फरक आहे ओळखीचा. आजचे बहुतेक हौशी डिटेक्टर परत येणाऱ्या सिग्नलला किती विलंब झाला हे मोजून त्यावरून एक आकडा दाखवतात आणि सूर बदलतात. लोखंडी खिळे तळाला, पातळ ॲल्युमिनियम आणि बऱ्याचशा सोन्याच्या अंगठ्या मध्ये, तांबं-चांदी वर, असा साधारण क्रम. प्रत्येक कंपनीची मोजपट्टी वेगळी असते, आणि सोन्याची अंगठी व शीतपेयाच्या डब्याची कडी एकाच आकड्यावर येऊ शकतात. तेव्हा ही ओळख पक्की नव्हे. तरीही खिळ्यांनी भरलेल्या जागेत ती नसेल तर दिवस खिळे गोळा करण्यात जातो. पिनपॉइंटर बहुतांशी एवढंच सांगतो की धातू आहे. काही नवे पिनपॉइंटर लोखंडासाठी वेगळा सूर देतात. खड्ड्यात ते सोयीचं असतं, पण त्याच्या भरवशावर खणायचं की नाही हे मी ठरवत नाही.

इतिहासातलं एक उदाहरण इथे चपखल बसतं. १८८१ च्या जुलैमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. शरीरात अडकलेली ती गोळी शोधायला टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल आपलं प्रवर्तनाच्या तत्त्वावर चालणारं उपकरण घेऊन आले. तत्त्व बरोबर होतं. पण गोळी उजव्या बाजूला आहे अशी डॉक्टरांची खात्री होती आणि शोध तिथेच घेतला गेला. शिवाय अंथरुणाखालच्या धातूच्या स्प्रिंगांनी आवाजात गोंधळ घातल्याचं सांगितलं जातं. शवविच्छेदनात गोळी डावीकडे निघाली. जवळून बघणाऱ्या यंत्राला आधी योग्य जागी नेऊन सोडावं लागतं, आणि भोवतालचा नको असलेला धातू त्याला चकवतो. पिनपॉइंटरच्या या दोन्ही मर्यादा आजही तशाच आहेत.

आता अपवाद. जागा आधीच ठाऊक असेल आणि लहान असेल तर नुसता पिनपॉइंटर पुरतो, कधी कधी डिटेक्टरपेक्षा सरसही ठरतो. फुलझाडांच्या वाफ्यात काल अंगठी पडली आहे, वाफा दोन हात लांब आहे, तर मोठी कॉइल तिथे सपाट फिरतच नाही. खोडं आडवी येतात, कॉइल वर उचलली जाते आणि उचललेल्या प्रत्येक सेंटिमीटरला खोली जाते. पिनपॉइंटर खोडांमधून आत जातो, आणि कालच पडलेली वस्तू अजून वरच असते. तसंच जुन्या भिंतीच्या फटी, दगडांच्या सांदी, रंधा मारण्याआधी जुन्या लाकडात राहिलेले खिळे, चाळणीवर उरलेला गाळ. तुमचा शोध एवढ्यापुरताच असेल तर बिनधास्त पिनपॉइंटर घ्या. पण तुम्ही 'छंद' म्हटलंय, म्हणजे मैदानं, शेतं, किनारे डोळ्यांसमोर असणार. त्यासाठी आधी डिटेक्टरच.

आता दुसऱ्या शंकेकडे येतो. माझ्या मते जास्त गैरसमज इथेच आहेत.

डिटेक्टरवरचं पिनपॉइंट बटण नक्की काय करतं? एरवी डिटेक्टर हलता असावा लागतो. कॉइल फिरत असेल तरच तो जमिनीचा सिग्नल वजा करून वस्तूचा वेगळा काढतो. बटण दाबलं की तो स्थिर अवस्थेत जातो: कॉइल न हलवताही वाजतो, धातूधातूंत भेद करत नाही आणि जवळ जाल तसा आवाज वाढतो. बटण दाबताना कॉइल वस्तूपासून जरा बाजूला आणि नेहमीच्याच उंचीवर असू द्या, मग तीच उंची ठेवून वस्तूवर सरकवा. आधी आडवी, मग उभी. जिथे दोन्ही रेषा छेदतात तिथे मध्य. आवाज फार पसरट येत असेल तर मध्याच्या जवळ जाऊन बटण सोडून पुन्हा दाबा. यंत्र तेवढा सिग्नल शून्य धरतं आणि उरलेला ठिपका लहान होतो.

कॉन्सेंट्रिक कॉइलमध्ये (एका वर्तुळात दुसरं वर्तुळ अशी गुंडाळी) मध्यबिंदू कॉइलच्या मध्यावरच येतो. डबल-डी कॉइलचं (इंग्रजी D आकाराच्या दोन गुंडाळ्या पाठीला पाठ) क्षेत्र मधोमध उभ्या पात्यासारखं असतं, त्यामुळे डावं-उजवं अचूक कळतं आणि पुढे-मागे चूक होते. तिथे ९० अंशांत वळून दुसऱ्या दिशेने झोका घेणं टाळू नका. हे बटण नीट शिकलात तर वस्तू दोन-तीन सेंटिमीटरांच्या आत धरता येते. म्हणून पिनपॉइंटर घेतला तरी बटण वापरायचं सोडू नका, खड्डा लहान ठेवण्यातलं अर्धं श्रेय त्याचं असतं. एक खबरदारी मात्र आहे. या अवस्थेत भेद बंद असल्यामुळे नाण्याशेजारी खिळा असेल तर मध्य खिळ्याकडे ओढला जातो. झोक्यात स्वच्छ वाजलेली जागा आणि बटणाने दाखवलेली जागा यांत फरक दिसला तर मी झोक्याच्या जागेवर विश्वास ठेवतो.

पण बटणाचं काम खुरपं मातीत शिरेपर्यंतच. त्यानंतर परिस्थिती बदलते. तुम्ही बारा-तेरा सेंटिमीटर व्यासाचा गवताचा तुकडा कापून उलटवला. २८ सेंटिमीटरची कॉइल त्या खड्ड्यात उतरत नाही. वरून फिरवलीत तर खड्डा, कडा आणि शेजारी ठेवलेला तुकडा असं सगळं मिळून एकच सिग्नल येतो. वस्तू तुकड्याच्या तळाला चिकटलेली असेल, खड्ड्याच्या भिंतीत असेल, किंवा खुरप्याच्या धक्क्याने ढेकळातून सुटून तळाशी गेली असेल. माती लागलेलं नाणं मातीच्याच रंगाचं असतं. पिनपॉइंटर नसला की माणूस खड्डा रुंद करत जातो आणि खुरप्याची धार कधी ना कधी वस्तूवर बसते. शंभर-दीडशे वर्षं जमिनीत जसंच्या तसं राहिलेलं नाणं बाहेर काढताना एका ओरखड्याने कायमचं बिघडावं, याचं मला फार वाईट वाटतं. पिनपॉइंटर घ्यायला मी सांगतो त्यात वेळेपेक्षाही हे कारण मोठं आहे.

वापरण्याची माझी रीत सांगतो. कापण्याआधी पिनपॉइंटर जमिनीला टेकवून बघायचा. वाजला तर वस्तू वरच्या चार-पाच सेंटिमीटरांत आहे. मग गवत कापायचं कारणच नाही. टोक बोथट केलेल्या स्क्रूड्रायव्हरने शेजारून अलगद उचकटायचं. नाही वाजला तर तीन बाजूंनी कापून चौथी बाजू बिजागरीसारखी शाबूत ठेवायची आणि तुकडा उलटायचा, म्हणजे मुळं तुटत नाहीत आणि गवत परत धरतं. मोकळी माती गवतावर न टाकता एका कापडावर. मग आधी तुकड्याचा तळ, मग खड्ड्याचा तळ, मग भिंती. बऱ्याच पिनपॉइंटरांची नुसती चोचच नाही तर टोकाकडचा दांडाही सगळीकडून संवेदनशील असतो. तेव्हा आधी आडवा धरून भिंतीवरून फिरवायचा आणि वाजला की टोकाने जागा टिपायची. सगळीकडेच वाजत असेल तर वस्तू मोठी आहे किंवा अगदी जवळ आहे. वाजत्या जागेशी धरून बटण एकदा दाबायचं (बहुतेक चांगल्या यंत्रांत ही सोय असते), पोच आखडते, आणि आणखी पुढे नेल्यावरच ते पुन्हा वाजतं. असं दोनदा केलं की बोटाएवढी जागा उरते.

वस्तू मिळाली तरी काम संपलेलं नसतं. खड्डा पिनपॉइंटरने आणि मग वरून डिटेक्टरने पुन्हा तपासा. खिशातून सांडलेली नाणी एकटी पडत नाहीत.

एक गोष्ट न विसरता करा: पिनपॉइंटर चालू करताना तो धातूपासून लांब धरा. चालू होताना आसपास जे आहे ते तो शून्य धरतो. हातात खुरपं असताना किंवा टोक वस्तूच्या जवळ असताना चालू केलात तर तो तिथेच बहिरा होतो आणि तुम्ही 'यंत्र बिघडलं' म्हणून परत पाठवता. याच गुणाचा उपयोगही होतो. लोहखनिजयुक्त मातीत काही पिनपॉइंटर नुसत्या मातीला टेकले तरी किरकिरतात. अशा वेळी धातू नसलेल्या जागी जमिनीजवळ धरून चालू करा, म्हणजे मातीचा सिग्नल वजा होतो. त्यानेही नाही भागलं तर सेन्सिटिव्हिटी एक पायरी खाली आणा. सेन्सिटिव्हिटी सतत कमाल ठेवण्यात काही मिळत नाही. खड्ड्यात एक सेंटिमीटर जास्त पोचण्यापेक्षा यंत्र शांत असणं महत्त्वाचं.

पिनपॉइंटर आणि डिटेक्टर एकमेकांनाही त्रास देतात, कारण दोघेही सतत क्षेत्र पाठवत असतात. खणताना डिटेक्टर मीटरभर लांब ठेवा, तरी ओरडला तर त्याची फ्रीक्वेन्सी एक पायरी सरकवा. बोटातली अंगठी, घड्याळ, बुटातली स्टीलची टोपी यांनीही खड्ड्यात खोटे इशारे येतात.

समुद्रकिनाऱ्याचं गणित निराळं. कोरड्या वाळूत भोकांचा झारा एका खेपेत वाळू गाळून वस्तू वर ठेवतो, तिथे पिनपॉइंटर क्वचितच बाहेर काढावा लागतो. खारट ओल्या वाळूत साधे पिनपॉइंटर बडबडतात, पल्स इंडक्शन जातीचे (सलग क्षेत्राऐवजी छोटे ठोके पाठवून मधल्या वेळात ऐकणारे) बरेच शांत राहतात. पाण्यात उतरणार असाल तर जलरोधक हवाच. गॅरेट कंपनीचा नारिंगी प्रो-पॉइंटर एटी सुमारे सहा मीटरपर्यंत पाण्यात चालतो, आणि तो भडक रंग निव्वळ शोभेचा नाही. गवतात विसरलेला काळा पिनपॉइंटर शोधणं किती कठीण असतं ते लवकरच कळेल. एक्सपी कंपनीचा एमआय-६ पिनपॉइंटर त्यांच्याच डेउस डिटेक्टरला बिनतारी जोडला जातो आणि त्याच हेडफोनमध्ये ऐकू येतो. ही सोय छान आहे, पण सुरुवातीला तिच्यासाठी जास्त पैसे घालू नका. सोन्याचे बारीक कण शोधायचे असतील तर पिनपॉइंटरवर फार विसंबू नका. मोहरीएवढा कण त्याला बहुधा दिसत नाही. प्लास्टिकच्या पळीत माती घेऊन ती कॉइलवर धरायची पद्धतच तिथे कामाला येते.

ही पळीची पद्धत तुमच्याही उपयोगाची आहे, कारण पैसे एकाच यंत्राचे असतील तर पहिला काळ तुम्हाला तीच वापरावी लागेल. डिटेक्टर आडवा ठेवून खड्ड्यातली माती मुठीमुठीने कॉइलवरून न्यायची. अंगठ्या काढलेल्या हाताने किंवा प्लास्टिकच्या पळीने. वाजली ती मूठ अर्धी करायची, पुन्हा न्यायची. वेळखाऊ आहे पण चालते, आणि खड्डा वाढत नाही. नुसता पिनपॉइंटर असेल तर त्याला असा पर्याय नाही. म्हणून आधी डिटेक्टर घ्या असं म्हणतो.

पण त्यातही सगळे पैसे डिटेक्टरमध्ये ओतू नका. एक पायरी खालचा डिटेक्टर आणि बरा पिनपॉइंटर ही जोडी, पिनपॉइंटरशिवायच्या वरच्या पायरीच्या डिटेक्टरपेक्षा नवख्याला जास्त वस्तू मिळवून देते. वरच्या पायरीतली जास्तीची खोली आणि सेटिंग्ज वापरायला कान तयार व्हावा लागतो, आणि तो खणून खणूनच तयार होतो. खड्डा चटकन आटोपला की दिवसाला खड्डे जास्त होतात. शिवाय खणल्याची खूण राहिली नाही तर जागेचा मालक पुन्हा येऊ देतो. ती परवानगी आधी घ्याच, संरक्षित पुरातत्त्व स्थळांपासून लांबच राहा, आणि दारूगोळ्यासारखं काही दिसलं तर हात न लावता पोलिसांना कळवा.

पिनपॉइंटर घ्याल तेव्हा अगदी स्वस्त नकला टाळा. त्यांचं टोक वाजतं पण बाजू वाजत नाहीत, आणि तापमान बदललं की सूर सरकतो. घेतल्यावर लाकडी टेबलावर नाणं ठेवून टोकाकडून आणि बाजूंनी किती अंतरावर वाजतो ते पट्टीने मोजा. मग तेच नाणं ओल्या मातीत तीन सेंटिमीटर खाली दाबून पुन्हा बघा. दोन मोजमापांत फार तफावत आली तर ते यंत्र तुमच्या मातीसाठी नाही.

तुमची जागा हिरवळ आहे, शेत आहे की किनारा, आणि तिथली माती चुंबकाला चिकटते का, एवढं कळवलंत तर कॉइलचा आकार आणि पिनपॉइंटर साधा की पल्स, हे नेमकं सांगता येईल.